ब्रिस्टॉलजवळच्या टेकडीवरचा बंकर : बॉम्ब चुकवायला उभारलेलं खोटं शहर?

ब्रिस्टॉलची_मुक्ता

नमस्कार मंडळी. इथे दुसऱ्या महायुद्धाचा अभ्यास असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

मी ब्रिस्टॉलला राहते. शहराच्या दक्षिणेला मेंडिप टेकड्या आहेत, त्यातली सगळ्यात उंच ब्लॅक डाउन, साधारण 325 मीटर. वर झाडं जवळपास नाहीतच. गुडघाभर हेदर, नेचे, मोकळी चरणारी तट्टं आणि सतत वारा. परवा नवरा आणि मुलगा पुढे निघून गेले होते, मी मागे रेंगाळत होते, तेव्हा गवतात अर्धं बुडालेलं काँक्रीटचं बांधकाम दिसलं. आत दोन खोल्या, मध्ये बोळ. खिडकी नाही. जरा पुढे टेकडीच्या माथ्यावर मातीदगडाचे छोटे उंचवटे सरळ रांगेत, लांबच लांब गेलेले.

कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की युद्धात इथे ‘खोटं ब्रिस्टॉल’ होतं. रात्री दिवे आणि आगी लावून जर्मन विमानांना फसवायचे, म्हणजे बॉम्ब शहरावर न पडता इथे पडतील.

मी रोज कॅसल पार्कमधून कामावर जाते. आज तिथे हिरवळ आहे, पण 24 नोव्हेंबर 1940 पर्यंत ती शहरातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ होती. एका रात्रीत जळून गेली. सेंट पीटर्स चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती तेवढ्या अजून उभ्या आहेत. त्यामुळे त्या गृहस्थांचं बोलणं मनातून जात नाहीये.

हे खरं आहे का? वीसेक किलोमीटर लांबच्या माळरानाला वैमानिक शहर कसं समजेल? आणि त्या बंकरमध्ये कोण बसायचं?

---

सह्यभटक्या

खरं असणार ताई. हिटलरच्या विमानांना कात्रजचा घाट दाखवलाय! लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे पळवल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, युक्ती तीच. तपशील मात्र मला माहीत नाहीत. बंबवाला काकांना हाक मारतो, आगीचा विषय आहे.

---

बंबवाला

मुक्ताताई, त्या गृहस्थांनी तुम्हाला खरं तेच सांगितलं. मी पुण्यात अग्निशमन दलात होतो, आता निवृत्त आहे. नागपूरला ट्रेनिंगला असताना ब्रिटनमधल्या 1940-41 च्या आगींबद्दल पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून या विषयाने मला धरून ठेवलंय. जरा सविस्तर लिहितो.

आधी ते रांगेतले उंचवटे. ते खोट्या शहराचे नव्हेत. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर जर्मन सैन्य ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनच्या विमानांनी, उतरेल ही भीती होती. सपाट मोकळा माथा म्हणजे आयतं मैदान. म्हणून तिथे दगडमातीचे ढीग रांगांनी घातले. खोट्या शहराची खूण म्हणजे तो बंकर. तशाच आराखड्याचे बंकर ब्रिटनभर आहेत: बोळाच्या एका बाजूला कंट्रोल रूम, दुसऱ्या बाजूला जनरेटर.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वैमानिक फसतो कसा. त्यासाठी त्या रात्रीच्या हल्ल्याची पद्धत समजून घ्यावी लागते. संपूर्ण ब्लॅकआउट असताना काही हजार मीटर उंचीवरून शहर सापडत नाही. जर्मनांकडे रेडिओ बीम होते. बीमच्या रेषेवर उडत जायचं आणि दुसरी बीम आडवी आली की लक्ष्य जवळ आलं. पण ही अचूक यंत्रणा थोड्याच विमानांवर बसवलेली होती, मुख्यतः कांफग्रुप्पे 100 नावाच्या तुकडीच्या. ती तुकडी आधी जायची आणि आगलावे बॉम्ब टाकायची. एकेक किलोच्या मॅग्नेशियमच्या नळ्या, शेकड्यांनी. त्या छपरांवर पडून पेटल्या की मागून येणाऱ्या शेकडो विमानांना नकाशाची गरज उरत नसे. खाली लाल दिसेल तिथे मोठे बॉम्ब सोडायचे.

14 नोव्हेंबर 1940 ला कॉव्हेंट्रीत नेमकं हेच झालं. साडेचारशेच्या आसपास विमानं संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकाच आगीवर येत राहिली. पाण्याच्या लाइनी फुटल्या, आजूबाजूच्या गावांचे बंब मदतीला आले तर त्यांच्या होजच्या जोडण्या शहराच्या हायड्रंटला बसेनात. पाचशेहून जास्त माणसं गेली. त्या जोडण्यांबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पोटात तुटतं. बंब दारात उभा, पाणी समोर, आणि दोन्ही एकमेकांना जुळत नाहीत. पुढे ऑगस्ट 1941 मध्ये तिथल्या दीडेक हजार स्थानिक ब्रिगेड एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा केली, त्याच्या मागे असेच अनुभव होते.

कॉव्हेंट्रीनंतर ब्रिटिश हवाई मंत्रालयात एक गोष्ट स्पष्ट झाली. शत्रू जर आग बघून बॉम्ब टाकतोय, तर त्याला आग दाखवू, पण आपल्याला पाहिजे तिथे. हे काम गेलं कर्नल जॉन टर्नर यांच्याकडे. हा माणूस मूळचा इंजिनिअर, हवाई मंत्रालयात बांधकाम खात्याचा प्रमुख राहिलेला. युद्ध सुरू झाल्यापासून तो खोटे विमानतळ उभारत होताच. दिवसा फसवायला लाकूड-कापडाची विमानं मांडलेले, रात्री फसवायला नुसत्या धावपट्टीच्या दिव्यांचे. ती खोटी विमानं शेपर्टनच्या साउंड सिटी या फिल्म स्टुडिओतल्या सुतारांनी आणि सेटवाल्यांनी बनवली. टर्नरच्या खात्याला नावसुद्धा मुद्दाम काही कळू नये असं दिलं होतं: ‘कर्नल टर्नर यांचं खातं’.

कॉव्हेंट्रीनंतर त्याने उभारल्या त्या ‘विशेष आगी’. त्यांचं सांकेतिक नाव पडलं स्टारफिश. त्या पहिल्यांदा पेटल्या डिसेंबर 1940 च्या सुरुवातीला, तुमच्याच ब्रिस्टॉलसाठी, आणि त्या एका रात्री साठावर बॉम्ब मोकळ्या शेतात पडले. कॉव्हेंट्री जळून तीन आठवडेही झाले नव्हते. तेवढ्या वेळात जागा शोधणं, सामान आणणं, माणसं शिकवणं, सगळं झालं. सरकारी खात्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, हे किती मोठं आहे ते.

युद्ध संपेपर्यंत 81 शहरं-गावांसाठी अशा 237 जागा झाल्या होत्या. नियम साधारण असा की ज्या शहराला वाचवायचं त्यापासून चारेक मैलांवर, आणि कुठल्याही वस्तीपासून निदान मैलभर लांब. ब्लॅक डाउन त्यामानाने बरंच दूर आहे, पण ब्रिस्टॉलभोवती अशी ही एकच जागा नव्हती.

आता आगीबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

नुसता गवताचा ढीग पेटवला तर वरून तो गवताचा ढीगच दिसतो. एकसारखा पेटतो, एकसारखा विझतो. शहराची आग तशी नसते. लाकडी छपराची ज्वाळा पिवळी, तेलाच्या गुदामाची काळपट लाल, धुराने झाकलेली. मध्येच एखादं छप्पर आत कोसळतं आणि सगळं एकदम उसळून वर येतं, मग पुन्हा बसतं. हे आम्ही रस्त्यावर उभं राहून पाहिलेलं असतं. टर्नरच्या लोकांनी हे बघून तीन-चार वेगवेगळ्या प्रकारच्या आगी तयार केल्या. लोखंडी जाळीच्या टोपल्यांत क्रिओसोट (डांबरासारखं जळाऊ तेल) ओतलेलं लाकूड. गरम जाळ्यांवर सोडलेलं तेल. कोळशाच्या शेगड्या. ब्लॅक डाउनवर क्रिओसोटमध्ये भिजवलेले गवताचे भारे आणि तेलाची पिंपं होती. हे सगळं गटागटाने मांडायचं, गटांमध्ये चर खणायचे म्हणजे एकाची आग दुसऱ्याला लागणार नाही, आणि प्रत्येक गटाला बंकरमधून वेगळी वायर. बटण दाबलं की तेवढाच गट पेटायचा. म्हणजे आग ‘पसरत’ न्यायची, गल्लीमागून गल्ली.

त्यातला एक प्रकार ऐकून मी थक्क झालो होतो. लोखंडी चौकटीवर उंचावर दोन टाक्या, एकीत तेल, दुसरीत पाणी. खाली लोखंडी कुंड. आधी कोळसा पेटवून कुंड लालभडक तापवायचं. मग तेल सोडायचं, ते पेटणार. आणि तेल चांगलं उकळायला लागलं की शौचालयाच्या फ्लशसारख्या यंत्रणेतून त्याच्यावर एकदम पाणी. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगतं, जळतं तेल उडवत वर येतं, आणि ज्वाळा चाळीस फुटांपर्यंत जाते. मग पुन्हा तेल, पुन्हा पाणी. वरून बघणाऱ्याला वाटणार, कारखान्याचं छप्पर पडलं.

आम्ही आयुष्यभर शाळाशाळांतून, सोसायट्यांतून घसा फोडून सांगत आलो की कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकू नका, गॅस बंद करा आणि झाकण ठेवा. त्याचं कारण हीच सतराशे पट वाफ. या धोक्याने माणसांचे चेहरे जळालेले मी पाहिले आहेत. तोच धोका कोणीतरी शांत डोक्याने मोजून, नळ्या-कॉक बसवून, हजारो माणसांचे जीव वाचवायला वापरला. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठी गोष्ट सांगता येणार नाही.

आणि वेळ. सगळा खेळ वेळेचा. पहिली तुकडी शहरावर आगलावे बॉम्ब टाकून गेली, की मुख्य ताफा यायच्या आत दोन कामं एकाच वेळी व्हायला पाहिजेत. शहरातल्या खऱ्या आगी वाळूच्या बादल्या आणि हातपंपांनी दाबायच्या, आणि माळावरच्या खोट्या आगी भडकवायच्या. खोटी आग लवकर लावली तर पहिल्या तुकडीला दोन्ही दिसणार. उशीर केला तर शहर आधीच इतकं पेटलेलं असणार की माळाकडे कोणी बघणारही नाही. कधी पेटवायची याचा आदेश स्थानिक माणूस स्वतःहून देत नसे. जर्मन बीम कुठे वळल्या आहेत हे ऐकत बसणारी हवाई दलाची 80 वी विंग होती, त्यांच्याशी जोडलेल्या फोनवरून तो येई.

एकाच शहरासाठी एकाच रात्री काही माणसं आग विझवत होती आणि काही लावत होती. विझवणाऱ्यांची स्मारकं आहेत, असायलाच पाहिजेत. लावणाऱ्यांची कोणाला फारशी माहिती नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेच: त्या बंकरमध्ये हवाई दलाची साधी पोरं बसायची. मोठ्या जागेवर दोनेक डझन. रोज टोपल्या तपासायच्या, भिजलेलं सामान बदलायचं, वायरी बघायच्या, आणि रात्री फोनपाशी बसायचं. फोन वाजला तर बॉम्ब स्वतःच्या दिशेने बोलवायचे. त्यांच्या कामाचं यश म्हणजे डोक्यावर पडणारे बॉम्ब.

---

शोभा_गिरगाव

बंबवाला, तुमचं लिहिणं वाचून अंगावर काटा आला.

मी 71 च्या युद्धात गिरगावात चाळीत राहत होते, कॉलेजात होते. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले, टॅक्सीच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. भोंगा झाला की आई शेगडीवरसुद्धा पातेलं पालथं घालायची. कुठे फट राहिली तर खालून पोरं ओरडायची, ‘दुसरा मजला, लाइट बंद करा!’ आमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच, की अंधार म्हणजे जीव वाचणं. कोणीतरी मुद्दाम दिवा लावून बसेल ही कल्पनाच कधी शिवली नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. एवढ्या कडक ब्लॅकआउटमध्ये माळावर दिवे दिसले तर वैमानिकाला संशय यायला नको का? हे तर उघड आमिष वाटेल.

---

बंबवाला

शोभाताई, नेमकं बोललात. तुम्ही सांगितलेली ती फट हेच उत्तर आहे.

टर्नरच्या लोकांनी लख्ख दिवे लावलेच नाहीत. त्यांनी लावला तो निष्काळजीपणा. पूर्ण अंधारातही मोठ्या शहरातून काही उजेड गळतोच. रेल्वे यार्डातले मंद सिग्नल, भट्टीचं दार उघडलं की पडणारी लाली, ट्रामच्या तारेवरची ठिणगी, कोणीतरी उघडं टाकलेलं दार. तेवढंच त्यांनी माळावर उभं केलं. ब्लॅक डाउनवर जनरेटरवर चालणारे मंद लाल दिवे होते, त्यांतून रस्ते आणि रेल्वे सुचवलेली. इंजिनाच्या फायरबॉक्सचं दार फायरमन कोळसा टाकायला उघडतो तेव्हा जो तांबूस उजेड पडतो, तोसुद्धा त्यांनी दाखवला. खोट्या धावपट्टीवर तर बंकरच्या टपावरचा एक दिवा हाताने फिरवायचे, म्हणजे विमान जमिनीवर वळतंय असं वाटावं. आणि आपलंच विमान भुलून उतरू लागलं तर ताबडतोब सगळे दिवे बंद.

मुंबईत तुमच्या चाळीतली पोरं जी फट बुजवायला ओरडत होती, तीच फट तिथे मोजून मापून तयार केलेली होती.

---

नेकारकाठ

मी स्टुटगार्टमध्ये राहतो. दुसऱ्या बाजूचंही लिहितो, कारण ही युक्ती जर्मनांनीही तितक्याच गंभीरपणे केली आणि त्याची किंमत एका छोट्या गावाने भरली.

स्टुटगार्टच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर नेकार नदीकाठी लाउफेन नावाचं गाव आहे. द्राक्षमळे, नदीचं मोठं वळण, कवी होल्डर्लिनचं जन्मगाव. तिथे 1940 मध्ये खोटं स्टुटगार्ट उभारलं, सांकेतिक नाव ‘ब्राझिलिएन’, म्हणजे ब्राझील. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनची नक्कल आणि रुळांचे दिवे. ब्रिटिश विमानांनी सुरुवातीच्या वर्षांत त्या जागेवर पुन्हा पुन्हा बॉम्ब टाकले. शहर वाचलं, पण काही बॉम्ब लाउफेनच्या घरांवरही पडले. तिथल्या लोकांनी काही ते मागितलं नव्हतं.

पुढे ब्रिटिशांनी लक्ष्य दाखवायला रंगीत खुणेचे बॉम्ब टाकायला सुरुवात केली, आगीवर विसंबणं सोडलं. मग जर्मनांनी त्या खुणांचीही नक्कल केली. 11 मार्च 1943 च्या रात्री स्टुटगार्टवरच्या हल्ल्यात अशा खोट्या खुणा पहिल्यांदा दिसल्याची ब्रिटिशांची नोंद आहे. त्या रात्रीचे बहुतेक बॉम्ब मोकळ्या रानात गेले. तसंच एसेनच्या क्रुप कारखान्याची नक्कल फेल्बर्टजवळच्या रोटबेर्ग टेकडीवर होती. पण रडार सुधारलं आणि 1943 नंतर या जागांचा उपयोग आटत गेला. 1944 मध्ये स्टुटगार्टचा जुना भाग जळालाच.

स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना नगरपालिकेचे लोकही येतात. एकदा त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंशी लाउफेनवरून बोलणं निघालं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘आमच्या घरात या विषयावर दोन मतं होती, कारण आजी शहरातली आणि आजोबा लाउफेनचे.’

---

ब्रिस्टॉलची_मुक्ता

सगळ्यांचे खूप आभार. बंबवाला काका, तुमचं उत्तर मी मुलाला मराठीतून वाचून दाखवलं, मध्ये मध्ये थांबून समजावत. तो तेरा वर्षांचा आहे आणि त्याने लगेच विचारलं, ‘पण मग त्या टेकडीखालच्या गावातल्या लोकांना कोणी विचारलं होतं का?’ नेकारकाठ यांचं वाचल्यावर तर मलाही तेच विचारावंसं वाटतंय. शहर वाचवायला बॉम्ब दुसऱ्याच्या दारात पाठवायचा अधिकार कोणाला?

---

बंबवाला

मुक्ताताई, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. त्याचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून सरळ उत्तर देतो. नाही, विचारलं नव्हतं. विचारणं शक्यही नव्हतं, कारण गुपित फुटलं की सगळी यंत्रणा निरुपयोगी. त्या वस्तीपासून मैलभराच्या नियमामागे विचार हाच होता की बॉम्ब शेतात, माळावर, दलदलीत पडावेत. बहुतेक वेळा ते तसेच पडले. युद्धभरात या जागांवर हजार टनांच्या आसपास बॉम्ब पडले असा अंदाज आहे. ते शहरात पडले असते तर काय झालं असतं याचा हिशेब मला करवत नाही. ब्रिस्टॉलमध्ये हे सगळं असूनही तेराशेच्या आसपास माणसं गेली.

पण काही ठिकाणी मोकळी जागा पूर्ण मोकळी नसते. पोर्ट्समथचं बघा. नकाशा उघडा म्हणजे कळेल. पोर्ट्समथ शहर एका बेटावर आहे आणि त्याच्या पश्चिमेला नौदलाची गोदी असलेलं बंदर. पूर्वेला जवळपास त्याच आकाराची दुसरी खाडी, लँगस्टन हार्बर, आणि तिच्यापलीकडे हेलिंग बेट. म्हणजे निसर्गानेच जोडी ठेवलेली. वरून अंधारात पाणी आणि जमीन यांची रेघ तेवढी दिसते, दोन खाड्यांत फरक करणं कठीण. तिथे दलदलीत, छोट्या बेटांवर आणि हेलिंगवर दिवे आणि आगी मांडल्या. 17 एप्रिल 1941 च्या रात्री मोठा ताफा पोर्ट्समथवर आला आणि बहुतेक बॉम्ब आणि पॅराशूटने उतरणारे सुरुंग या बाजूला पडले. शहर त्या रात्री वाचलं. पण हेलिंगच्या टोकाला सिना इथे विमानविरोधी तोफांची तुकडी होती. तोफांजवळची सहा माणसं त्या रात्री मेली, आणखी कितीतरी जखमी झाली. खोटं शहर यशस्वी झालं म्हणून ती मेली. आज तिथे त्यांचा स्मृतिफलक आहे.

आम्ही दर वर्षी 14 एप्रिलला, मुंबईच्या गोदीत 1944 मध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं त्यात गेलेल्या 66 अग्निशामकांसाठी मानवंदना देतो. कामावर गेले आणि परतले नाहीत. सिनाच्या तोफखान्यावरची ती सहा पोरं माझ्या मनात त्यांच्याच रांगेत उभी आहेत. माझ्या मते त्यांना तिथे ठेवणं योग्य होतं. ते सैनिक होते, धोका पत्करून उभे होते, आणि त्यांच्यामागे दीड-दोन लाख वस्तीचं शहर होतं.

मुलाच्या प्रश्नाची खरी कठीण बाजू मात्र 1944 मध्ये आली. 13 जूनपासून लंडनवर व्ही-1 येऊ लागले, वैमानिक नसलेले उडते बॉम्ब. त्यांना दिवे दाखवून उपयोग नाही, त्यांना डोळे नाहीत. ते ठराविक अंतर कापून पडतात. ते कुठे पडले हे जर्मनांना कळायचं ते ब्रिटनमधल्या त्यांच्या हेरांकडून, आणि ते सगळे हेर ब्रिटिशांनी आपल्या बाजूला वळवलेले होते. मग ब्रिटिश गुप्तचरांनी सुचवलं की हेरांकडून कळवायचं, बॉम्ब लंडनच्या पुढे जाऊन पडतायत. म्हणजे जर्मन अंतर कमी करतील आणि मध्यवर्ती लंडन वाचेल. पण अंतर कमी केलं की बॉम्ब पडणार कुठे? दक्षिण लंडनच्या घरांवर.

गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी याला विरोध केला. मॉरिसन म्हणजे लंडनच्या नगर परिषदेचं नेतृत्व केलेला, याच शहरातून वर आलेला माणूस. त्यांचं म्हणणं होतं की कोणी जगायचं आणि कोणी मरायचं हे सरकारने ठरवायचं नसतं. तरीही खोट्या बातम्या जात राहिल्या. शहराच्या दक्षिण बाजूच्या एकट्या क्रॉयडनवर 140 हून जास्त व्ही-1 पडले. त्यातले किती या बातम्यांमुळे, हा हिशेब अभ्यासकही एकमताने देत नाहीत.

माळावर आग लावणं आणि शेजाऱ्याच्या घराकडे बॉम्ब वळवणं यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पहिल्यात बॉम्ब वाया घालवायचा प्रयत्न आहे, आणि ज्याने तो बोलावला तो स्वतः त्याच्याखाली बसलेला आहे. दुसऱ्यात ठरवणारा एका खोलीत आणि मरणारा भलतीकडे. लाउफेन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं, म्हणूनच त्या बाईंच्या घरात दोन मतं होती. माझा कौल मॉरिसनच्या बाजूने आहे. इथे बऱ्याच जणांना तो पटणार नाही, वाचवलेल्यांचा आकडा मोठा होता असं ते म्हणतील. म्हणू देत, पण हा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाला पडला आणि तेव्हा मंत्रिमंडळातल्या एका माणसालाही पडला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता एक काम सांगतो. पुन्हा ब्लॅक डाउनवर जाल तेव्हा टॉर्च न्या आणि मुलाला बंकरमध्ये बघायला सांगा. एका खोलीत जनरेटर बसवायचा ओटा आणि भिंतीत धूर बाहेर सोडायचं भोक असेल. दुसऱ्या खोलीच्या छतात माणूस जाईल एवढा चौकोन शोधायचा. दार ढिगाऱ्याने बंद झालं तर त्या पोरांनी त्यातून बाहेर पडायचं होतं. दोन्हींचे फोटो इथे टाका. आणि बाहेर आल्यावर ब्रिस्टॉल कोणत्या बाजूला येतं ते होकायंत्रावर बघून कळवा, म्हणजे वारा कुठून असताना धूर कसा दिसला असता यावर बोलता येईल.

---

ब्रिस्टॉलची_मुक्ता

नक्की काका. हवामान बरं असलं तर येत्या रविवारीच जाऊ. सिनाचा फलकही बघायचाय, पोर्ट्समथला आमचे स्नेही राहतात, त्यांना आजच फोन करते. त्या सहा जणांची नावं फलकावर असतील तर मुलगा लिहून घेईल म्हणतोय.